शब्बीरचा रकाना

रवि. ९ फेब्रु.

आज पुन्हा शब्बीरलाच खोका आला. इराकातल्या तल मरझूकहून, लष्करी बेसवरच्या कुणाकुणाच्या हातांतून फिरत फिरत. आत पिठात घोळवलेली, पिस्ते घातलेली तिकडची मिठाई आणि अरबीत चिठ्ठी. ती त्याने सगळ्या ऑफिसला वाचून दाखवली, मला खास मराठीत. "शाळेचं छप्पर आता गळत नाय. अल्ला उस्ताद शब्बीरला सुखी ठेवो."

छप्पर कुणी काढलं? मी. तुळया कुणी बसवल्या कागदावर? मी. तोफगोळ्याने खचलेली मागची भिंत ठेवायची की पाडायची, यावर आठ दिवस डोकं कुणी फोडून घेतलं? मीच. उस्ताद शब्बीरने फोन केले.

मिठाई खाल्ली. दोन तुकडे. चांगली होती, त्याचाच राग आला जास्त.

सोम. १० फेब्रु.

अवि अस्करच्या अ‍ॅल्युमिनियम कारखान्यातून सकाळची शिफ्ट करून आला तो भुकेजलेला. नवऱ्याला ताट वाढता वाढता सगळं सांगितलं. म्हणाला, "अगं, त्यांच्या कानात त्याचा आवाज असतो. तुझं नाव त्यांना कुठून कळणार?"

तेच तर म्हणतेय ना मी!

चार वर्षं झाली या कामाला. उत्तर इराकात ज्या गावांतून लढाई होऊन गेली तिथे परदेशी लष्कर आपल्या पैशातून शाळा, विहिरी, दवाखाने दुरुस्त करून देतं. नकाशे आणि एस्टिमेट इथे आखातात, मनामातल्या आमच्या ऑफिसातून जातात, म्हणजे माझ्या टेबलावरून. बांधतो तिथलाच कंत्राटदार. मला जायची परवानगी नाही, मी फक्त फोटो बघते. आधीचा, चालू असतानाचा, झाल्यावरचा. त्या फोटोंत माणसं हसत असतात ती कॅमेऱ्याकडे बघून, आणि कॅमेऱ्यामागे कोण, तर शब्बीरचा ओळखीचा.

तो इंजिनिअर नाही. रत्नागिरीकडचा, बापाचं इथल्या सूकमध्ये, बाजारात, मसाल्याचं दुकान होतं, तिथे बसून अरबी शिकला. आमच्याकडे लागला तो क्लार्क म्हणून. आणि आता "उस्ताद".

हो, जळते मी त्याच्यावर. इथे तरी खरं लिहिते.

बुध. १९ फेब्रु.

मीटिंग. पैशाचं काम बघणाऱ्या कॅप्टनबाई बेसवरून आल्या होत्या. तल मरझूकचा दवाखाना मी पडद्यावर लावला. बोलायला तोंड उघडते तोच शब्बीर, "सॉरी ताई, एक मिनिट." पुरुषांची रांग बायकांच्या दारासमोरून जाते म्हणे. बायका येणार नाहीत. दार बाजूला घ्या.

बरोबर होतं त्याचं. मला नंतर, एकटीला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं?

कॅ.बाई त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "याच्यासाठीच तू आम्हाला हवास." आणि निघताना उठून त्याच्या तळहातात ते नाणं दाबलं. त्यांच्या तुकडीचं चिन्ह असतं त्यावर, चांगलं काम केलं की हात मिळवता मिळवता देतात, खर्चायचं नसतं ते. शब्बीरने टेबलावर, मुलीच्या फोटोशेजारी उभं करून ठेवलंय. मी पाणी आणायला जाते तेव्हा वाटेत तेच दिसतं.

तळपायाची आग मस्तकात गेली.

बुध. २६ फेब्रु.

आज माझा दिवस!

दवाखान्याचे फोटो मोठे करून बघत होते. मागच्या शेताकडे बायका चाललेल्या, एकामागे एक, खाली बघत. दोन्ही बाजूंना रंगवलेले दगड. लाल दगडापलीकडे सुरुंग असू शकतात, पांढऱ्यातून चाललं तर चालतं. मला आधी कळेचना त्या जातात कुठे. मग एकीच्या हातात डबडं दिसलं.

संडास. दवाखान्याला बायकांचे संडासच नाहीत. जुने पडले लढाईत. बाळंतीण होऊन दोन दिवस झालेली बाई सुद्धा तिथेच जात असणार. आमच्या एकाही कागदावर हे नाही, शब्बीरच्या फोनमध्ये पण नाही. दवाखाना चालवणारी सुईण, उम्म यासिर, आठवड्यातून तीनदा बोलते त्याच्याशी, पण हे कशी बोलणार परक्या पुरुषाशी?

कॅ.बाईंना फोन लावला. थेट, मधे कुणी नको. त्या म्हणाल्या, "मेधा, लगेच कर. पंधरा दिवसांत ड्रॉइंग दे."

माझं नाव घेतलं त्यांनी. घरी येताना मनामाच्या दुकानातून श्रीखंड आणलं. अवि म्हणे, कशाबद्दल? म्हटलं, संडासाबद्दल. हसून हसून पुरेवाट.

बुध. ५ मार्च

शब्बीर उद्या रत्नागिरीला चाललाय. उरलेला रमझान आणि ईद घरी, महिनाभर रजा. जाता जाता टेबलापाशी आला.

"ताई, त्या संडासांचं ड्रॉइंग झालं की पाठवा वॉट्सअ‍ॅपवर. मी बघून देतो. माझा रकाना ऱ्हायला नको."

प्रत्येक ड्रॉइंगबरोबर एक तपासणीचा कागद जातो. त्यात तीन रकाने. बांधकाम, खर्च, आणि तिसरा स्थानिक रीतभात. तिसऱ्यावर शब्बीरची सही लागते.

मी म्हटलं, "रोजे आहेत, घरची माणसं आहेत, कशाला तिथे पण काम? बघू."

किती गोड बोलले मी! स्वतःचंच नवल वाटलं.

सोम. १० मार्च

रमझानमुळे ऑफिस दोनला सुटतं सध्या. सगळे गेले, मी बसून ड्रॉइंग पुरं केलं. सहा संडास, एक बाळंतिणींसाठी मोठा, धरायला दांडी, आत नळ, उंच झरोके, बाहेरून कुणाला काही दिसायचं नाही. आडोशाची भिंत अशी घेतलीय की आत शिरलेली बाई रस्त्यावरून दिसत नाही. बसायची भांडी सगळी उत्तर-दक्षिण. त्यात विचार करावा लागत नाही. पुण्यात अकरा वर्षं बिल्डरकडे काढली, एक गिऱ्हाईक नाही ज्याने विचारलं नाही की वास्तूप्रमाणे आहे ना? संडासात बसणाऱ्याचं तोंड उत्तरेला नाहीतर दक्षिणेला. हात आपसूक तसाच चालतो. इथे लेबर कॅम्पचे केले ते पण तसेच केले, कधी कुणी चकार शब्द काढला नाही.

तिसऱ्या रकान्यापाशी थांबले.

पाठवावं का त्याला? एक फोटो, एक मिनिटाचं काम. मग तो काहीतरी काढेल. काढतोच. झरोका इकडे घ्या, दार तिकडे घ्या. मग कॅ.बाईंकडे जाईल ते "मेधा आणि शब्बीरचं" होऊन. त्यानंतर नुसतं शब्बीरचं.

बायकांच्या संडासात याला काय कळतंय?

"लागू नाही" असं लिहिलं रकान्यात. पाठवून दिलं.

गुरु. १३ मार्च

मंजूर! एका शब्दाचा फरक न करता. चार वर्षांत पहिल्यांदा.

शब्बीरचा मेसेज आला, "ड्रॉइंग?" बरोबर त्याच्या आईचा, अंगणात बसलेला फोटो. मी फोटोला अंगठा दिला. प्रश्न वाचलाच नाही असं केलं.

मंगळ. २५ मार्च

पाया झाला. तिकडच्या गवंड्याने एक कागद पाठवलाय, आमच्या ड्रॉइंगचीच झेरॉक्स. भांड्यांवर पेनाने गोल केलेत, बाजूला एक वळता बाण आणि खाली चार ओळी अरबीत. ते वाचायचं काम शब्बीरचं. तो अंगणात बसलाय.

बाण बघितला. भांडी आडवी फिरवायची म्हणतोय. म्हणजे पाइप सरळ जाईल, दोन चेंबर वाचतील, याचे पैसे वाचतील. ओळखते मी या जातीला, सगळ्या देशांत सारखी. शिक्का मारला, "ड्रॉइंगप्रमाणेच करणे", आणि प्रत परत पाठवली. आमच्याकडे नियमच आहे, ड्रॉइंगपेक्षा वेगळं दिसलं फोटोत तर बिल अडकतं. मग करतो बरोबर.

कागद फाइलला लावला. रत्नागिरीला पाठवता आला असता. आला असता, पण नाही पाठवला.

रवि. ६ एप्रिल

उस्ताद परत. सगळ्यांना फणसपोळी, मला वेगळं पाकीट. "आईने खास ताईंसाठी."

मग लगेच, "संडास बघू द्या ना."

"झालं ते. भिंती वर आल्या."

"माझी सही?"

"तू रजेवर होतास."

माझ्याकडे बघितलं आणि गेला. दुपारी त्याला दुसऱ्या गावाच्या विहिरीवर लावलं साहेबांनी. सुटले.

गुरु. २४ एप्रिल

झाल्यावरचे फोटो आले! पांढरे, स्वच्छ, निळी दारं. प्रत्येकावर कडी आतून. बाळंतिणींच्या खोलीत दांडी नीट लागलीय. मी एक फोटो अविला पाठवला, एक सांगलीला आईला. आई म्हणते, "एवढे छान संडास आपल्या शाळेत असते तर पोरी शिकल्या असत्या गं." रडू आलं मला.

शब्बीरला दाखवले नाहीत. त्याने मागितलेही नाहीत.

शनि. २६ एप्रिल

कॅ.बाईंच्या घरी, अमवाज बेटावर जेवण, ऑफिसच्या सगळ्यांना. गच्चीतून समुद्र. अवि त्यांच्या नवऱ्याशी अ‍ॅल्युमिनियमवर बोलत सुटला, नेहमीप्रमाणे.

सगळ्यांसमोर कॅ.बाईंनी मला पुढे बोलावलं. म्हणाल्या, आम्ही हजार फोटो बघतो, या बाईने त्या फोटोतल्या बायका बघितल्या. आणि हात मिळवताना नाणं.

टाळ्या पडल्या. शब्बीरने पण वाजवल्या. मी मुद्दाम त्याच्याकडे बघितलं. हसत होता, पण नेहमीचं हसणं नव्हतं ते. मला इतकं बरं वाटलं! वाईट आहे मी. असू दे, आज असू दे.

मंगळ. २० मे

महिन्याने करायची तपासणी. बेसवरून फोटो आले सकाळी.

संडास तसेच्या तसे. निळी दारं, वरून धूळ. आत पाण्याचा थेंब नाही. मोठ्या खोलीत कुणीतरी कडब्याच्या पेंढ्या ठेवल्यात. एका फोटोच्या कडेला मागचं शेत आलंय. दगड. बायका एकामागे एक.

बघतच राहिले. पाणी नसेल. पण टाकी भरलेली दिसतेय. चावी नसेल? दारं उघडी आहेत.

कॅ.बाईंची मेल आली, वापर का नाही? महिनाअखेर त्यांची तुकडी बदलते, त्याआधी फाइल बंद करायचीय. शब्बीरला सांगितलं, उम्म यासिरला फोन कर.

मी काचेतून बघत होते. तो बोलला, ऐकलं, पुन्हा बोलला. फोन ठेवून फाइलींच्या कपाटाकडे गेला.

बुध. २१ मे

लिहवत नाही पण लिहिते.

सकाळी पँट्रीत चहा करत होते. शब्बीर आला, दार लोटलं. हातात माझं ड्रॉइंग आणि तो गवंड्याचा कागद.

"फोनवर काय बोलली नाय ती. जागा छान आहे, बायकांना नको वाटतं, एवढंच. मला कसं सांगणार. म्हणून फाइल काढली. ताई, बसल्यावर तोंड कुठं येतंय?"

"दक्षिणेला. काहींचं उत्तरेला. मग?"

"मग? काब्याकडं तोंड, नायतर काब्याकडं पाठ. दोन्ही चालत नाय आमच्यात. कोण बसंल?"

मी म्हटलं, इथे लेबर कॅम्पला तसेच केले, कुणी बोललं नाही.

"इथनं काबा पश्चिमेला, ताई. तिथनं सरळ दक्षिणेला. गाव बदललं की दिशा बदलते."

इतकं सोपं! नकाशा भिंतीवर लावलाय माझ्या मागे, चार वर्षं.

मग त्याने गवंड्याचा कागद वाचला. सावकाश, एकेक शब्द. "इंजिनिअर साहेब, ही दिशा चुकीची आहे. आमच्या बायका इथे बसणार नाहीत. मी भांडी फिरवून देतो, जास्तीचे पैसे नकोत. फक्त हो म्हणा."

खाली माझा शिक्का.

जास्तीचे पैसे नकोत म्हणत होता तो. आणि मी काय समजले त्याला.

म्हटलं, मला अरबी येत नाही. शब्बीर म्हणाला, "मला येतं. फोन होता की माझ्याकडं." आणि मग आवाज चढला त्याचा, पहिल्यांदाच. "तुमी माझ्यावर जळता. मला कळत नाय होय? मी पण जळतो! दहा वर्षं झाली, माझं नाव एका ड्रॉइंगवर नाय. तुमची सही चालते, माझा नुसता रकाना. तेवढा एक रकाना होता ताई माझा. तो पण खाल्लात."

चहा उतू गेला. कुणी गॅस बंद केला आठवत नाही.

जाताना म्हणाला, "उद्या कॅप्टनबाई येतायत फाइल बंद करायला. कारण काय लिहिणार, लोकांची सवय नाय? तुमी सांगताय की मी सांगू?"

संध्याकाळी अविला सांगितलं. तो म्हणतो, काँट्रॅक्ट जूनअखेर संपतंय तुझं, रिन्यू व्हायचंय, व्हिसा त्यावर, जरा दमानं घे. चूक कुणाची नसते? "सवय नाही" लिहिलं तर कुणाला कळणार आहे? तीनदा म्हणाला.

खरंच कुणाला कळणार नाही. फाइल बंद, पैसे खर्च झालेले, सहा संडास कडब्याला.

गुरु. २२ मे

सांगितलं.

चांगुलपणाने नाही, हे लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खोटं आठवेल. सकाळी जाताना "सवय नाही" हेच लिहायचं ठरलं होतं. ऑफिसात शिरले तर शब्बीर शर्ट इस्त्री करून आलेला, हातात फाइल, कॅ.बाईंची वाट बघत उभा. आणि माझ्या मनात काय आलं, तर आता खरं बोलल्याचं श्रेय पण यालाच मिळणार. पुन्हा हाच. त्या म्हणणार, याच्यासाठीच तू आम्हाला हवास.

मी त्याच्या पुढून गेले, जवळजवळ ढकलून, आणि कॅ.बाई खुर्चीत बसायच्या आत बोलायला लागले. दिशा. रकाना. गवंड्याचा कागद, शिक्का. रजेवर होता हे कारण नव्हतं, तो मागत होता आणि मी दिलं नाही, हे सुद्धा.

त्यांनी विचारलं, "का नाही दिलंस?"

म्हटलं, "मत्सर." इंग्रजीत म्हटलं. फार लहान शब्द आहे तो इंग्रजीत.

त्यांनी फाइल पुढे ओढली. मग कामाचं. "डिझाइनची चूक" असा अहवाल दे, सही करून. त्याशिवाय पूर्ण झालेल्या कामाला दुसऱ्यांदा पैसे मागता येत नाहीत. मागितले तरी वरून मिळतील याची खात्री नाही, आणि मी एकतीसला जातेय. नवे येणारे कुणाला माहीत कसे असतील. तोवर त्या ब्लॉकला कुणी हात लावायचा नाही. एक वीट हलली तरी दावा गेला, फाइल कायमची बंद. आज कुलपं लावायला सांगते.

अहवाल दिला. शब्बीर बाहेरच उभा होता. "झालं," म्हटलं. तो "बरं" म्हणाला.

रवि. २५ मे

नव्या कामांवरून मला काढलं. जुन्या एस्टिमेटांचे कागद लावत बसायचं. रिन्यूअलचं "बघू, इंशाल्ला". इथे चौदा वर्षं काढलीत, हा इंशाल्ला कुठला ते कळतं.

शब्बीरला तपासणीचा प्रमुख केला. तिन्ही रकान्यांवर त्याची नजर. बघून पुन्हा जळलेच. इतकं सगळं होऊन जळते म्हणजे काय म्हणावं मला?

तल मरझूकहून बातमी. शेतात सुरुंग फुटून शेळी गेली. पांढऱ्या दगडांच्या आत होती म्हणे, पावसाने दगड सरकले असतील नाहीतर माती. शब्बीरने कागदावर लिहून माझ्या टेबलावर ठेवलं, तोंडाने सांगितलं नाही.

गुरु. २९ मे

कॅ.बाई निरोप घेऊन गेल्या. मला म्हणाल्या, प्रस्ताव वर गेलाय. उत्तर कधी, विचारलं. माहीत नाही म्हणाल्या. सहा आठवडे, सहा महिने, कधीच नाही.

भांडं काढून फिरवायला दोन गवंड्यांना चार दिवस लागतात. मी हिशोब तीनदा केला, दुसरं काय करणार होते.

अवि दोन दिवस धड बोलत नाहीये. आज म्हणाला, "निदान त्या बायकांना कळायला तरी हवं तू सांगितलंस ते." मी म्हटलं, त्यांना कळलंय ना, संडासाला कुलूप कुणामुळे लागलं ते.

मंगळ. ३ जून

सकाळी दहाला शब्बीरचा फोन वाजला. ती रिंग मला पाठ आहे, तल मरझूकचीच. मी मान खाली घालून कागद लावत राहिले. तो नेहमीसारखा सलाम वगैरे बोलला, मग उठून माझ्या टेबलापाशी आला.

"ताई, तुमच्यासाठी आहे."

"माझ्यासाठी? कोण?"

"उम्म यासिर. माझ्याशी बोलायचं नाय म्हणते. इंजिनिअर बाईला द्या म्हणते." फोन माझ्या हातात दिला आणि बाहेर गेला, दार ओढून घेतलं.

चार वर्षं या फोनसाठी जीव टाकला. हातात आला तर आधी उलटाच धरला.

तिकडून एका तरुण मुलीचा आवाज, मोडकंतोडकं इंग्रजी. मी उम्म यासिरची भाची, म्हणाली, मावशी शेजारी बसलीय, तिचं मी सांगते. मागून मावशीचा जाड आवाज, भराभर, अजिबात न थांबता.

मी आधीच माफी मागायला लागले. मुलीने ते सांगितलंच नाही पुढे, मावशी थांबली असती तर ना. ती म्हणत होती, संडास चांगले आहेत. दांडी फार चांगली आहे. आमच्यासाठी कुणी दांडीचा विचार केला नव्हता. फक्त फिरवायला हवेत. गवंडी तोच आहे गावात, पैसे घेणार नाही म्हणतो. पहार आहे. कुलपाचं आमचं आम्ही बघू. फक्त खालून पाइप कसा गेलाय ते त्याला आता आठवत नाही, चुकीचा फोडला तर सगळंच गेलं. कुठून फोडायचं तेवढं तू सांग.

ड्रॉइंग समोरच होतं. पाइप लाल रेषेने मीच दाखवलाय. उजव्या भिंतीपासून दोन हात, भांड्यामागून, बस्स. एक वाक्य.

सांगितलं तर वरचे पैसे गेले. दुरुस्तीचेच नाहीत, पुढच्या टप्प्यात त्याच दवाखान्याला मिळायचं ते पण, ऑफिसची मान अडकलेली. माझं काँट्रॅक्ट तर खलास, सत्तावीस दिवस उरलेत तसेही. शब्बीरचा फोन आहे हा, उद्या विचारणा झाली तर त्याच्यावर पण येईल. आणि नाही सांगितलं तर सहा आठवडे. सहा महिने. कधीच नाही.

म्हटलं, "मला विचार करू दे. उद्या सांगते."

मुलीने ते मावशीला सांगितलं. मग मावशी हळू काहीतरी म्हणाली, पहिल्यांदा हळू.

मुलगी म्हणाली, "मावशी विचारतेय, उद्या किती वाजता? आम्ही पहाटे शेतात जातो. त्याच्या आधी सांगशील का?"

"हो" म्हणाले की "बघते" म्हणाले, आठवत नाही. दार उघडलं तर शब्बीर बाहेर खुर्चीवर. काय म्हणाली, असं विचारलं नाही त्याने. मी पण सांगितलं नाही. फोन परत दिला तेव्हा त्याने नंबर एका चिठ्ठीवर लिहून मला दिला, स्वतःच्या हाताने, आणि कामाला लागला.

आता साडेचार वाजलेत. ड्रॉइंग घरी आणलंय, जेवणाच्या टेबलावर पसरलंय. अवि सातला येईल. तिकडे आणि इथे वेळ एकच आहे, बघितलं मी.